झाडलोट

कतारगामात येऊन मला सव्वीस वर्षं झाली, आणि सव्वीस वर्षं माझं एकाच गोष्टीशी भांडण चालू आहे. धुळीशी. सकाळी फडका मारावा आणि दुपारी खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवावं, तर बोट काळं. आमच्या गल्लीच्या मागे हिऱ्यांचे कारखाने, पुढे रिक्षांचा रस्ता, त्यामुळे धुळीला काही तोटा नाही. तळमजल्यावरच्या बेन मला हसतात. त्यांचे यजमान आणि दोन्ही मुलगे घंटीवर बसतात, म्हणजे हिरे घासतात. त्या म्हणतात, "बेन, आ तो हीरानी रज छे. इतकी काय पुसता!"

ते खरंच आहे म्हणा. हिऱ्याला दुसरं काही घासू शकत नाही. सरणीवर, म्हणजे त्या फिरत्या चक्रावर, हिऱ्याचीच पूड तेलात कालवून लावतात आणि तिच्यावर हिरा धरतात. आमचे हे हिरे कापायच्या लेसर मशीनची दुरुस्ती करतात. लेसरनं हिरा कापला की कापाच्या कडेला काजळी धरते. इतका लखलखीत दगड, आणि जळला की शिसपेन्सिलीतल्या शिशासारखा काळा. दोन्ही कार्बनच, असं हे सांगतात. माझ्या लेखी ते शर्टाच्या बाहीवरचे डाग आहेत, आणि त्यांचे शर्ट मी वेगळे भिजवते.

पण आज लिहायचं आहे ते एका वेगळ्या धुळीबद्दल. ती धूळ मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. तरी तिच्यापायी मी चारचौघींत एक चुकीची गोष्ट बोलून गेले, आणि ती दुरुस्त करायला मला पाच महिने लागले.

माझं माहेर हुपरीचं. कोल्हापूर जिल्ह्यातली आमची हुपरी म्हणजे चांदीचं गाव. घरोघरी पैंजण, जोडवी, वाळे. आमच्या आण्णांचाही घराच्या पडवीत छोटा कारखाना होता, चार कारागिरांचा. आण्णा मॅट्रिक झालेले, पण वाचनाचं वेड भारी. संध्याकाळी भट्टी विझली, सूर्यास्ताच्या आत जेवण झालं, की ते वाचनालयातलं पुस्तक घेऊन बसायचे. त्यांचे लाडके लेखक म्हणजे डॉ. जयंत नारळीकर. आधी विज्ञानकथा, मग 'आकाशाशी जडले नाते'. नव्वदीच्या दशकात दूरदर्शनवर नारळीकरांची 'ब्रह्मांड' ही मालिका लागायची, तेव्हा आमच्या पडवीत कारागीरसुद्धा काम थांबवून बसत. "आपल्या कोल्हापूरचे आहेत," आण्णा दर वेळी सांगायचे. ते खरंही होतं. नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ चा, कोल्हापूरचा. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, म्हणून लहानपण तिकडे गेलं. पुढे केंब्रिज, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि शेवटी पुणे, जिथं त्यांनी १९८८ साली 'आयुका' ही संस्था उभी केली.

पण आण्णांना त्यांचं कौतुक होतं ते वेगळ्याच कारणानं. आमच्या पाठशाळेत शिकवलेलं होतं, की हा लोक अनादि-अनिधन आहे. त्याला कुणी निर्माण केलं नाही, त्याला कुणी संपवणार नाही. शाळेतल्या पुस्तकात मात्र महास्फोट, म्हणजे एके दिवशी सगळं सुरू झालं. आणि इथं एवढा मोठा शास्त्रज्ञ, तोही आपल्या मातीतला, सांगत होता की विश्वाला सुरुवात असलीच पाहिजे असं नाही. आण्णांचा चेहरा उजळायचा. "बघ बाळ, शेवटी तिथंच आलं की नाही?" म्हणायचे.

आण्णांना जाऊन आता बारा वर्षं झाली. २० मे २०२५ ला नारळीकर पुण्यात गेले तेव्हा हुपरीहून आक्काचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "आण्णांचे नारळीकर गेले गं." आम्ही दोघी थोडा वेळ काहीच बोललो नाही.

त्याच वर्षी दशलक्षण पर्वात आमच्या महिला मंडळानं मला दहा मिनिटं बोलायला सांगितलं. दिवस होता उत्तम सत्याचा. मी ठरवलं, नारळीकरांवर बोलायचं. खरं तर आण्णांवरच बोलायचं होतं. आणि बोलण्याच्या भरात मी म्हणून गेले, "आपल्या शास्त्रात हजारो वर्षांपूर्वी सांगितलं ते कोल्हापूरच्या एका शास्त्रज्ञानं सिद्ध करून दाखवलं, की विश्व अनादि-अनंत आहे." टाळ्या पडल्या. एका काकूंनी डोळे पुसले. कुणीतरी त्याचं रेकॉर्डिंग केलं होतं, ते मी कौतुकानं लेकीला पाठवलं. ती पुण्याला भौतिकशास्त्र शिकते.

रात्री तिचा फोन आला. "आई, छान बोललीस. पण 'सिद्ध केलं' हा शब्द कुठून आणलास?"

"म्हणजे?"

"नारळीकरांनी सिद्धांत मांडला. तो टिकला नाही, आई. बहुतेक कुणी तो मानत नाही. सगळं अडलं ते धुळीवर."

मला राग आला. दोन वर्षं शिकते काय आणि नारळीकरांना खोटं ठरवते काय! पण रागाच्या खाली भीती होती. ही म्हणते ते खरं असलं तर? मी बी.ए., तेही मराठी घेऊन. तरी ठरवलं, की आता समजून घ्यायचंच. दुपारचं काम आवरलं की मी वाचायला बसायची, आणि अडलं की रात्री लेकीला फोन. मला जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते.

१९६४ साली अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या होल्मडेल इथं पेन्झियस आणि विल्सन हे दोघे एका भल्यामोठ्या शिंगासारख्या अँटेनावर काम करत होते. अँटेनात एक बारीक खरखर येत होती. कुठंही वळवा, दिवसा बघा, रात्री बघा, खरखर तीच. अँटेनात कबुतरांनी घरटं केलं होतं. त्यांची घाण साफ केली, कबुतरांना हलवलं, तरी खरखर गेली नाही. (हे वाचताना मला त्या दोघांबद्दल फार आपुलकी वाटली. कबुतरांपुढं कुणाचं काही चालत नाही.) शेवटी कळलं की ती खरखर आकाशातूनच येते, सगळ्या दिशांनी सारखी. त्याला पार्श्वभूमीचं प्रारण म्हणतात. सगळं आकाश जणू अगदी किंचित ऊबदार आहे. ऊब तरी किती? निरपेक्ष शून्याच्या वर २.७ अंश, म्हणजे आपल्या मापात उणे २७० सेल्सिअसच्या आसपास. या शोधाला १९७८ साली नोबेल मिळालं.

आता ही ऊब आली कुठून? महास्फोट मानणारे म्हणतात, विश्व सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी अतिशय तप्त आणि दाट होतं. ते पसरत, निवत गेलं. सुमारे तीन लाख ऐंशी हजार वर्षांनी इतकं निवळलं, की प्रकाश मोकळा सुटला. तोच प्रकाश विश्वाबरोबर ताणला जाऊन आता इतका थंड झाला आहे.

नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉईल यांना हे पटत नव्हतं. १९४८ सालीच हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी स्थिर विश्वाची कल्पना मांडली होती. १९९३ साली हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर या तिघांनी तिला नवं रूप दिलं. त्यांचं विश्व हळूहळू पसरत राहतं, पण पसरता पसरता फुगतं आणि आकसतं. एका आवर्तनाला चार-पाच हजार कोटी वर्षं. अशी कितीतरी आवर्तनं आधी होऊन गेली. सुरुवात नाही. कालचक्राच्या उत्सर्पिणी-अवसर्पिणी ऐकत वाढलेल्या माझ्या मनाला हे किती जवळचं वाटलं असेल, ते सांगायला नको.

मग ती ऊब? ते म्हणाले, ती जुन्या ताऱ्यांची आहे. आधीच्या आवर्तनांतले असंख्य तारे जळले, त्यांचा प्रकाश कुठं गेला? तो धुळीनं पिऊन टाकला आणि थंड करून परत दिला.

इथं धूळ आली.

हे मला कळलं ते आमच्या गच्चीवर. मे महिन्यात सुरतेत स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री आपल्याला झोपू देत नाही. रात्री अकराला गच्चीवर पाय ठेवला तर तळवा भाजतो. ऊन मात्र कुठंच नाही. स्लॅबनं उजेड घेतला आणि ऊब दिली. अवकाशातली धूळ हेच करते. ताऱ्यांचा उजेड घेते, किंचित तापते आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या लांब लहरी सोडते. ही धूळ येते ताऱ्यांच्या मरणातून. अगदी पहिले तारे नुसत्या हायड्रोजन आणि हेलियमचे होते, तेव्हा धूळ नव्हतीच. त्यांच्या पोटात कार्बन, सिलिकॉन, लोखंड तयार झालं. मोठे तारे फुटले, हे सगळं बाहेर उधळलं, निवलं आणि त्याचे कण झाले. म्हणजे विश्वातली पहिली धूळ ही पहिल्या ताऱ्यांची रक्षा.

पण साध्या गोल कणांनी नारळीकरांचं काम भागत नव्हतं. गोल कण इतक्या लांब लहरी नीट पकडत नाहीत. म्हणून त्यांनी सुया आणल्या. फुटलेल्या ताऱ्यांतून निघालेली लोखंडाची वाफ सावकाश निवताना तिचे बारीक तंतू होतात, साधारण मिलिमीटरभर लांब आणि केसाहून कितीतरी पटींनी बारीक. प्रयोगशाळेत धातूच्या वाफेचे असे तंतू होतात. अशी सुई म्हणजे एरियलच. ती लांब लहरी पकडते आणि सोडते. सगळ्या विश्वात अशा सुया अगदी विरळ पसरल्या असल्या, तर ताऱ्यांचा सगळा जुना उजेड घुसळून एकसारखा होईल. आणि गंमत म्हणजे हिशोबही जुळत होता. विश्वात जितकं हेलियम आहे ते सगळं ताऱ्यांतच तयार झालं असं धरलं, ते होताना सुटलेली ऊर्जा मोजली आणि ती सगळी निववली, तर तापमान सुमारे २.७ अंशच येतं!

हे वाचलं त्या दुपारी मी खुर्चीतून उठले आणि उगाच घरभर फिरून आले. आण्णांच्या पडवीतला चांदीचा कीस आठवला. तोही असाच, सुईसारखा. जमिनीच्या भेगांत जाऊन बसायचा.

हा विचार एकट्या नारळीकरांचा नव्हता. महास्फोट मानणाऱ्यांतले मोठे शास्त्रज्ञ मार्टिन रीस यांनीही १९७८ साली दुसऱ्या वाटेनं, पहिल्या ताऱ्यांची ऊर्जा आणि त्यांची धूळ यांतून हे प्रारण आलं असेल का, ते तपासून पाहिलं होतं. विचार वेडा नव्हता. तो तपासला गेला, आणि अडला.

कुठं अडला, तेही सांगायला हवं. १९८९ च्या नोव्हेंबरात 'कोबे' हा उपग्रह वर गेला. जानेवारी १९९० मध्ये त्याचा पहिला आलेख खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत दाखवला, तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मोजलेले बिंदू आणि एकाच तापमानाच्या उबेची रेषा तंतोतंत एकमेकांवर बसले होते. आमच्या गच्चीचा स्लॅब असा कधीच नसतो. टाकीखाली गार, स्वयंपाकघरावर गरम. वेगवेगळ्या काळच्या, वेगवेगळ्या ठिकाणच्या धुळीची ऊब एकत्र केली तर तिच्यात असा खालीवरपणा यायला हवा. आकाशात तो नाही. १९९२ मध्ये फरक सापडला, तो लाखात एक भागाइतका.

यावर सुयावाल्यांचं उत्तर असं, की सुया पुरेशा दाट असल्या तर सगळं एकसारखं होईल. पण इतक्या दाट असल्या तर त्यांच्या पलीकडचं त्या लहरींत दिसायला नको. दूरच्या दीर्घिका तर त्या लहरींत दिसतात. शिवाय ते लाखातले फरक पुढे आणखी बारकाईनं मोजले, तर त्यांची नक्षी महास्फोटाच्या गणितानं आधी सांगितली होती तशीच निघाली. आणि फार दूरच्या, म्हणजे फार जुन्या वायूच्या ढगांत ही ऊब आजच्यापेक्षा जास्त भरते, तीही पसरत निवत जाणाऱ्या विश्वात भरावी तितकीच. नारळीकरांनी उत्तरं दिली, मांडणी सुधारली. १९९८ साली दूरचे फुटलेले तारे अपेक्षेपेक्षा मंद दिसले, तेव्हा बाकीचे म्हणाले विश्व वाढत्या वेगानं पसरतंय. नारळीकर आणि त्यांचे सहकारी म्हणाले, मध्ये सुया आहेत, म्हणून मंद दिसतात. पण त्या नक्षीपुढं सुयांचं फारसं चाललं नाही.

म्हणजे लेक खरं सांगत होती. मी उत्तम सत्याच्या दिवशी, माइकसमोर, धडधडीत 'सिद्ध केलं' म्हटलं होतं.

दशलक्षणानंतर क्षमावाणीचा दिवस येतो. वर्षभरात कळत-नकळत झालेल्या चुकांची माफी मागायची. मी ठरवून गेले होते की तिथं सांगायचं. सगळ्या जमल्या, एकमेकींना हात जोडले. मीही हात जोडले, "उत्तम क्षमा" म्हटलं आणि घरी आले. कशाबद्दल क्षमा, ते बोललेच नाही. डोळे पुसणाऱ्या त्या काकू समोर होत्या. आणि खरं सांगू? काकूंपेक्षा मला आण्णांची पंचाईत वाटत होती. मी चुकले हे सांगणं सोपं. पण ते वाक्य आण्णांचं होतं. बारा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा आनंद चुकीच्या हिशोबावर उभा होता, हे मी कुणाला आणि का सांगू?

मनाची समजूत घालायला मी अनेकांताचाही आधार घेतला. प्रत्येकाचं आपापल्या परीनं बरोबरच असतं, नाही का? महास्फोटही बरोबर, सुयाही बरोबर. पण पाठशाळेतलं शिकवणं इतकं कच्चं नव्हतं. 'स्यात्' म्हणजे 'असेलही, नसेलही' नव्हे. कोणत्या अपेक्षेनं बोलतो आहोत ते सांगून मग बोलायचं, ही ती शिस्त. मी तर अपेक्षाच सांगितली नव्हती. शास्त्रवचन आणि दुर्बिणीचं मोजमाप एकाच ताटात कालवून वाढलं होतं.

नारळीकरांना तरी हे आवडलं असतं का? २००८ साली त्यांनी काही सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रात फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. दोनशे मुलांच्या कुंडल्या, त्यांतली निम्मी हुशार मुलांची, निम्मी मतिमंद मुलांच्या शाळांतली. ज्योतिष्यांनी फक्त ओळखायचं, कुठली कुणाची. नाणं उडवून जितकं बरोबर येईल तितकंच आलं. ज्या माणसानं मोजल्याशिवाय कुणाचं काही ऐकलं नाही, त्याचं नाव मी न मोजता वापरलं होतं.

शेवटी मदतीला आले ते आण्णाच.

हुपरीत चांदीच्या कारखान्यातली झाडलोट कुणी फेकत नाही. जमिनीवरची माती, भट्टीची राख, कारागिरांच्या हातपाय धुतलेल्या पाण्याचा गाळ, सगळं पोत्यात भरून ठेवायचं. मग झारेकरी येतो. तो ती माती धुतो, गाळतो, आटवतो आणि तिच्यातून चांदी काढतो. इथं सुरतेतही अशी माणसं आहेत, त्यांना धूळधोया म्हणतात. २०२३ च्या सप्टेंबरात वराछाच्या बाजारात कुणा व्यापाऱ्याचं हिऱ्यांचं पाकीट सांडल्याची अफवा उठली, तेव्हा अर्धं गाव रस्त्यावर वाकून धूळ चाळत होतं. सापडलेले खडे नकली निघाले, ती गोष्ट वेगळी.

तर मी सातवीत असताना एका वर्षी आण्णांच्या मातीतून चांदी फारच कमी निघाली. आण्णांचा हिशोब पक्का असायचा. इतकी चांदी आली, इतका माल गेला, उरली ती मातीत असलीच पाहिजे. झारेकऱ्यानं मारली, असं ते चारचौघांत बोलले. तो बिचारा म्हणाला, "मालक, काटा तुमचाच हाय. माती तेवढीच देती." आण्णांनी त्याला दारातून परत पाठवलं. पुढे दिवाळीत वही बदलताना आण्णांना सापडलं, की एका कारागिराला घरी काम करायला दिलेली चांदी त्यांनी मांडलीच नव्हती. त्या दिवशी आण्णा जेवले नाहीत. संध्याकाळी मला बरोबर घेऊन ते झारेकऱ्याच्या झोपडीवर गेले. तिथं त्याच्या शेजाऱ्यांदेखत म्हणाले, "चूक माझी. तुझ्या मातीत काही कमी नव्हतं." येताना मी विचारलं, सगळ्यांसमोर कशाला बोललात? तर म्हणाले, "नाव सगळ्यांसमोरच घेतलं होतं की."

हे मला आठवलं ते पहाटे, दळण निवडताना. मग पंचाईत कसली? ज्यानं काट्याचं ऐकून वही दुरुस्त केली, तो नारळीकरांच्या नव्या आकड्यांना घाबरला असता का? उलट मलाच म्हणाला असता, बाळ, एवढे दिवस का थांबलीस.

माघ महिन्यात आमच्याकडे स्वाध्याय होता. त्याच पंचवीस-तीस बायका. मी सांगितलं. आधी चूक सांगितली, मग कबुतरं, स्लॅब, सुया, कोबेचा आलेख, सगळं. डोळे पुसणाऱ्या काकूंनी विचारलंच, "मग आपलं शास्त्र खोटं का गं?" मी म्हटलं, "काकू, तसं मी म्हटलं नाही. शास्त्र ज्या श्रद्धेनं आपण ऐकतो, त्या श्रद्धेनं ऐकूया. त्याला नारळीकरांचा दाखला जोडायचा नाही. आणि जोडला, तर त्यांच्याबद्दल पूर्ण खरं सांगायचं." काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "कर्माची धूळ माहीत होती बाई, ही लोखंडाची पहिल्यांदाच ऐकली." सगळ्या हसल्या. दोघीतिघी मात्र हसल्या नाहीत. त्यातली एक त्यानंतर स्वाध्यायाला आलेली नाही. त्याचं मला वाईट वाटतं, पण इलाज नाही.

नारळीकरांबद्दलचा माझा आदर यानं कमी झाला का? मुळीच नाही. सगळे एका बाजूला असताना त्यांनी चाळीस-पन्नास वर्षं विचारत राहणं सोडलं नाही, की दुसरा मार्ग तपासला का? त्या विचारण्यामुळे धुळीकडे लोकांना नीट बघावं लागलं. आणि धूळ काही साधी नाही. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीनं विश्वाच्या पहिल्या क्षणाची खूण सापडल्याचं जाहीर केलं. जगभर बातमी झाली. पुढल्याच वर्षी कळलं, की ती खूण बहुतांशी आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीची होती. तेव्हा धुळीनं फसवलेली मी एकटीच नाही.

आणि एक गोष्ट तर खास कतारगामसाठी. त्या पार्श्वभूमीच्या प्रारणात एक फिकट, वेगळीच चमक मिसळलेली असते. ती कुठून येते हे वीस वर्षं कोडं होतं. २०१८ साली जेन ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तीन तरुण ताऱ्यांभोवती ती दिसली, आणि ती ज्यांच्यापासून येते ते कण आहेत हिऱ्यांचे, असं त्यांनी दाखवलं. वाळूच्या कणाहून लाखो पटींनी लहान हिरे, भोवऱ्यासारखे प्रचंड वेगानं फिरणारे. तर २०२३ साली जेम्स वेब दुर्बिणीनं, विश्व शंभर कोटी वर्षांचंही नव्हतं त्या काळातल्या दीर्घिकांच्या प्रकाशात कार्बनच्या धुळीची खूण पाहिली. ते कण शिसपेन्सिलीतल्या कार्बनसारखे किंवा हिऱ्यासारखे असावेत, असा अंदाज आहे. हे मी तळमजल्यावरच्या बेनना सांगितलं, तर म्हणाल्या, "तिकडे पण घंट्या चालू आहेत म्हणा की!"

परवा लेकीनं आणखी एक बातमी पाठवली. २०२५ साली, नारळीकर गेले त्याच वर्षी, पावेल क्रौपा आणि एडा ग्येर्गो या दोघांनी हिशोब मांडला. आरंभीच्या काळात झपाट्यानं तयार झालेल्या मोठ्या दीर्घिकांच्या धुळीची ऊब या प्रारणात मिसळलेली असणार. किती? कमीत कमी १.४ टक्के, आणि त्यांच्या गणितानुसार कदाचित सगळीच. 'सगळीच' हे बहुतेकांना पटलेलं नाही. पण हे प्रारण इतक्या बारकाईनं मोजतात, की १.४ टक्केसुद्धा खरे निघाले तर पुष्कळ हिशोब पुन्हा मांडावे लागतील. खाली लेकीनं लिहिलं होतं, "आण्णांना आवडलं असतं."

आवडलं असतंच. मी ती बातमी लगेच मंडळाच्या ग्रुपवर टाकायला घेतली. 'बघा, नारळीकर बरोबरच होते' एवढं लिहूनही झालं होतं. मग ते पुसलं. त्याऐवजी लिहिलं, "दोन शास्त्रज्ञांचा हिशोब आहे. अजून तपासायचा आहे." तीन जणींनी हात जोडल्याची खूण पाठवली. काकूंनी विचारलं, "उद्या स्वाध्याय किती वाजता?"

मी वेळ कळवली आणि यांचा शर्ट भिजवायला गेले. बाहीवरचे डाग तसेच होते.